कोकमाच्या तेलाचे नॅनोकण घातलेले जेल: मिठाच्या हातावर त्याचे पाणी का होते?

रातांबा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून रत्नागिरीजवळ राहते. माझी मावशी गेली अनेक वर्षे मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलण्याचे काम करते. पहाटे ती जेटीवर पोहोचते आणि तेव्हापासून दुपारपर्यंत तिचे हात बर्फाच्या पाण्यात आणि कोळंबीच्या सालींत असतात. तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर, कवच दाबून सोडवताना जोर पडतो नेमक्या त्याच जागी, आडव्या भेगा पडल्या आहेत. त्यांत मीठ गेले की ती हात झटकते, पण तोंडातून शब्द काढत नाही.

आमच्या घरी यावर पिढ्यान्‌पिढ्या मुठेल वापरतात. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्यावर वर जे तेल येते, ते थिजू लागले की मुठीत वळून त्याचे गोळे करतात. गोळा विस्तवाजवळ धरायचा आणि पाघळलेले तेल भेगेत भरायचे. रात्री लावले तर त्याचा गुण येतो, यात मला शंका नाही. परंतु कामावर जाताना ते लावता येत नाही, कारण तेलकट बोटांतून कोळंबी निसटते, आणि मजुरी सोललेल्या मालाच्या वजनावर मिळते.

म्हणून मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिपिड (स्निग्ध) नॅनोकणांचे जेल करून पाहिले. कोकमाचे तेल ४ टक्के आणि खोबरेल १ टक्का एकत्र वितळवले, त्याच तापमानाच्या पाण्यात तेल-पाणी एकत्र धरणारे २ टक्के पॉलिसॉर्बेट ८० विरघळवून दोन्ही एकत्र केले, आधी वेगवान घुसळणी आणि मग सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारे यंत्र) वापरला आणि मिश्रण थंड केले. कणांचा सरासरी आकार २१० नॅनोमीटर आला. हे पाणी जेल घट्ट करणाऱ्या १ टक्का कार्बोमरमध्ये मिसळून ट्रायइथॅनॉलअमाइन या अल्कलीने पीएच ६ पर्यंत आणला. जेल शुभ्र, मऊ आणि चिकटपणा नसलेले झाले होते, आणि मला फार आनंद झाला होता.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. मावशी जेटीवरून आली, हात नुसते पुसून तिने जेल घेतले आणि तळव्यावर चोळताच त्याचे अक्षरशः पाणी झाले. मनगटावरून ओघळ खाली आले. दुसरी गोष्ट अशी, की स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या डबीत तीन आठवड्यांत रव्यासारखे पांढरे कण धरले. माझ्या हातात कधीच पाणी सुटले नव्हते, आणि प्रयोगशाळेतल्या कपाटातली डबी अजून चांगली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. जेलचे पाणी का झाले? रवा का धरला? आणि सर्वांत महत्त्वाचे, नॅनोकणांनी त्वचेचा ओलावा खरोखर जास्त टिकतो का, की मी मुठेलाच्याच गुणाला नवे नाव देत आहे?

लोटेकर

मी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत सौंदर्यप्रसाधनांची मिश्रणे बसवण्याचे काम करतो. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता येतील.

पाणी होण्याचे कारण मीठ. कार्बोमर हे आम्लगटांची लांब साखळी असलेले बहुवारिक (पॉलिमर) आहे. तुम्ही ट्रायइथॅनॉलअमाइन घातले तेव्हा त्या आम्लगटांवर ऋणभार आला, शेजारचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलू लागले, गुंडाळलेली साखळी उलगडून फुगली आणि तिने पाणी धरून ठेवले. जेलचे सगळे बळ या परस्परांना ढकलण्यात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले सोडियमचे धनभार साखळीवरच्या ऋणभारांभोवती जमतात, ढकलणे थांबते, साखळी आक्रसते आणि धरलेले पाणी सोडून देते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतात आणि दुहेरी धनभारामुळे ते याहून अधिक घातक ठरतात. मावशींचे हात पुसलेले असले तरी रेषांमध्ये आणि भेगांमध्ये वाळलेले मीठ होतेच. तुमच्या हातावर हे घडले नाही, याचे कारण तुम्ही जेटीवर बसला नव्हता. भर मे महिन्यात घामाने भिजलेल्या हातावर कार्बोमरचे जेल लावून पाहा, थोड्या प्रमाणात तसाच अनुभव येईल.

बशीत चमचाभर जेल घ्या आणि त्यावर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साडेतीन ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका. कार्बोमर असेल तर थेंब पडले त्या जागी खळगा पडून पाणी साचेल. हीच परीक्षा तुम्ही पुढच्या प्रत्येक बॅचला लावा. जेलसाठी भार नसलेले बहुवारिक निवडा. हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज दीड ते दोन टक्के पुरेल. त्याला मिठाची फारशी बाधा होत नाही आणि ट्रायइथॅनॉलअमाइनही लागत नाही, त्यामुळे भेगांवर चुरचुरणारा एक घटक आपोआप कमी होतो. ते पाण्यावर हळूहळू भुरभुरा, घुसळत राहा आणि रात्रभर फुगू द्या. घाई केली तर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी राहतात. स्पर्शाला ते कार्बोमरइतके हलके लागत नाही, किंचित तार सुटते, हे मान्य करावे लागेल. आणखी एक लक्षात ठेवा: सेल्युलोजच्या जेलवर बुरशी आली तर तिची विकरे (एन्झाइम) साखळ्याच तोडतात आणि जेल पातळ होते, म्हणून परिरक्षकाच्या (प्रिझर्वेटिव्हच्या) बाबतीत हयगय करू नका.

रव्याचे कारण थोडे खोल आहे. कोकमाचे तेल ३८ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. त्यात तुम्ही खोबरेल घातले, जे २४ अंशांनाच पातळ होते, त्यामुळे मिश्रणाचा वितळणबिंदू आणखी खाली उतरला. चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याखाली, दुपारी कण अर्धवट वितळत होते आणि पहाटे पुन्हा थिजत होते. शिवाय कोकमाच्या तेलात स्टीअरिक-ओलेइक-स्टीअरिक अशा रचनेचे त्रिग्लिसराइड फार मोठ्या प्रमाणात आहे आणि त्याचे स्फटिक एकाच रूपात स्थिर राहत नाहीत. झटकन थंड केले की आधी अस्थिर रूप तयार होते आणि ते दिवसांगणिक अधिक घट्ट, चपट्या रूपाकडे सरकते. गोल कण पत्र्यासारखा चपटा झाला की त्याचे पृष्ठफळ वाढते, त्यावर पसरलेले पॉलिसॉर्बेट अपुरे पडते, उघडी पडलेली बाजू शेजारच्या उघड्या बाजूला चिकटते आणि रवा धरतो. उन्हाळ्यात चॉकलेटवर जी पांढरी पूड येते ती याच कुळातली आहे, आणि हे साम्य वरवरचे नाही: युरोपच्या २००० सालच्या निर्देशात चॉकलेटमध्ये कोकोशिवाय चालू शकणारी जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धे दिली आहेत, त्यांत आपले कोकम आहे.

उपाय म्हणून कोकम ३ टक्क्यांवर आणा, मधमाशांचे मेण दीड टक्का घाला आणि खोबरेल अर्ध्या टक्क्यावर थांबवा. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते, म्हणून दोन्ही भाग ७५ अंशांपर्यंत तापवावे लागतील. निरनिराळ्या आकारांचे रेणू एकत्र आले की स्फटिकाची रचना विस्कळीत राहते आणि त्याला चपटे रूप घेणे जड जाते. मेणाऐवजी ग्लिसेरिल बेहेनेट वापरता येईल, पण तुम्हाला जवळच्या वस्तूंतून काही करायचे आहे असे दिसते, म्हणून मेण सुचवले. डब्या ४० अंशांच्या कपाटात आणि फ्रिजमध्ये आलटून-पालटून ठेवून पाहा. प्रयोगशाळेतल्या थंड कपाटातली डबी कोकणातल्या घराविषयी काहीच सांगत नाही.

त्वचा_मालवण

मी मालवणात त्वचारोगतज्ज्ञ आहे. मासळीचे काम करणाऱ्या स्त्रियांचे हात मी रोज पाहतो, म्हणून जेलपेक्षा हातांविषयी लिहितो.

इतक्या दमट हवेत त्वचा कोरडी कशी पडते, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तळहाताला मुळात तैलग्रंथीच नसतात. शरीराच्या इतर भागांवर जे नैसर्गिक तेल पसरते ते तिथे मिळत नाही. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगस्तरात मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा गिलावा असतो, आणि विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे विद्राव्य पदार्थ असतात. तासन्‌तास भिजल्याने हे विद्राव्य पदार्थ धुऊन जातात. काम संपल्यावर वास जावा म्हणून या स्त्रिया कपड्यांचा साबण किंवा धुण्याची पावडर वापरतात आणि त्याने गिलावाही निघतो. मग हात वाळले की स्तर आक्रसतो, त्याची लवचिकता गेलेली असते, आणि जिथे बोट वाकते तिथे तो फाटतो. हवेत कितीही बाष्प असले तरी फुटलेल्या मडक्यात पाणी राहत नाही.

तुमच्या मावशींना काही लावण्यापूर्वी एकदा नीट तपासून घ्या. कोळंबीला हात लागल्यापासून काही मिनिटांत खाज सुटून गांधी उठत असतील, तर ती कोळंबीतल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते आणि तिथे ओलावा टिकवणे हा दुय्यम उपाय ठरतो. नखांच्या मुळाशी सूज असेल, दाबल्यावर दुखत असेल, म्हणजे आपण ज्याला नखुरडे म्हणतो ते असेल, किंवा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, तर त्या जागी हवाबंद थर देणारे काहीही लावू नये. पाणी अडवणारा थर बुरशीलाही ओल पुरवतो. पावसाळ्यात घट्ट मलमांखाली पुळ्या आणि घामोळे उठलेले मी कितीदा पाहिले आहे.

वापराचा क्रम मी असा ठेवला असता: काम संपल्यावर हात आधी गोड्या पाण्याने धुवावेत, सौम्य साबण फक्त वासापुरता वापरावा, हात टिपून घ्यावेत आणि मगच जेल लावावे. कामाच्या वेळी सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे घालता आले तर कोणत्याही जेलपेक्षा त्यांचा उपयोग मोठा आहे. सोलताना बोटांना कवच कळत नाही, अशी तक्रार होईल हे मला ठाऊक आहे. निदान बर्फ उचलताना आणि टोपल्या धुताना तरी ते घालावेत. जेलमध्ये सुगंध घालू नका. ग्लिसरीन ५ टक्के जरूर घाला. युरिया मात्र भेगा मिटेपर्यंत टाळा, कारण तो चुरचुरतो.

रात्रीचे मुठेल बंद करू नका. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

निवृत्त_अध्यापक

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुझ्या वयाचे माझे विद्यार्थी असल्याने एकेरी लिहितो, राग मानू नकोस. तुझा तिसरा प्रश्न सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्यावर कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो.

घन लिपिड नॅनोकणांवरचे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये म्युलर आणि तुरीनमध्ये गास्को या संशोधकांनी स्वतंत्रपणे सुरू केले. म्युलर यांची रीत उच्च दाबाखाली घुसळण्याची होती आणि गास्को यांची, गरम सूक्ष्म-पायस (तेल-पाण्याचे अतिबारीक मिश्रण) गार पाण्यात ओतण्याची. घन स्निग्धात थोडे द्रव तेल मिसळून स्फटिक मुद्दाम विस्कळीत ठेवण्याची पुढची कल्पना त्याच दशकाच्या अखेरीस आली. लोटेकरांनी तुला जे मेण, कोकम आणि खोबरेल सांगितले, ते याच दुसऱ्या प्रकारात बसते. मुळात हे कण औषध वाहून नेण्यासाठी शोधले गेले. त्वचेवर ते ओलावा टिकवतात हे त्यांचे वेगळे अंग आहे आणि त्यात औषध घालण्याचीही गरज नसते.

नॅनोकण त्वचेत शिरून तिला आतून भिजवतात, असे अनेक जाहिराती सुचवतात. तसे होत नाही. अखंड कण शृंगस्तर ओलांडत नाहीत. फार तर केसांच्या मुळांच्या विवरांत साठतात, आणि तळहाताला केसच नाहीत. काम होते ते पृष्ठभागावर. जेलमधले पाणी उडू लागले की कण एकमेकांकडे ओढले जातात, त्यांच्यामधल्या अरुंद फटींतल्या पाण्याचा ताण त्यांना दाबतो आणि ते जुळून एकसंध पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा त्वचेतून बाहेर पडणारी वाफ अडवतो आणि अडलेले पाणी शृंगस्तरातच राहून त्याला मऊ करते. तेवढ्याच वजनाच्या स्निग्धाचे २ मायक्रोमीटरऐवजी २०० नॅनोमीटरचे कण केले, तर कणांची संख्या हजारपट आणि पृष्ठफळ दहापट होते, आणि कणांमधल्या फटी तितक्याच बारीक होतात. म्हणून लहान कणांचा पापुद्रा अधिक घट्ट बसतो. कण घन आणि स्फटिकरूप असणेही महत्त्वाचे आहे. तेवढ्याच आकाराचे द्रव तेलाचे थेंब वाफ कमी अडवतात. त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ अंशांचा असतो, आणि तुझे कोकम-खोबरेल तिथे कितपत घन राहत होते हे तू तपासलेले नाहीस. लहान कणांत स्निग्ध आपल्या वितळणबिंदूच्या खालीही द्रवच राहू शकते, म्हणून डीएससी, म्हणजे नमुना तापवत तो कधी वितळतो हे मोजणारी परीक्षा, करून घे. आकार २१० नॅनोमीटर आला, यावरून कण थिजलेला आहे हे सिद्ध होत नाही.

आता जरा हिशेब मांडू. त्वचेवर एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम जेल लागते असे धर. त्यात ५ टक्के स्निग्ध, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. पाणी उडून गेल्यावर त्याचा सलग थर झाला तर त्याची जाडी सुमारे १ मायक्रोमीटर भरते. २ मिलिग्रॅम मुठेल थेट चोळले तर थर सुमारे २० मायक्रोमीटरचा होतो. नुसते वाफ अडवणे एवढीच कसोटी लावली तर मुठेल जिंकेल, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. तुझ्या जेलचे सामर्थ्य वेगळे आहे: विसाव्या हिश्श्याच्या स्निग्धात, बोटे तेलकट न होता, कामाच्या मधल्या वेळेत लावता येईल असा थर ते देऊ शकते. तेव्हा तुझ्या जेलची तुलना मुठेलाशी करू नकोस. ती स्निग्ध नसलेल्या त्याच जेलशी आणि त्याच घटकांच्या साध्या, मोठ्या थेंबांच्या पायसाशी कर. विसिंग आणि म्युलर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच शिस्त पाळली होती. नॅनोकण असलेले क्रीम आणि नसलेले क्रीम २८ दिवस लावून तुलना केली, तेव्हा नॅनोकणांच्या क्रीमने त्वचेतील पाणी अधिक वाढले.

मोजण्याची स्वस्त पद्धत तुझ्या आवाक्यात आहे. १०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात (बीकरमध्ये) ५० मिलिलिटर पाणी घे, तोंडावर गाळणकागद घट्ट बसव, त्यावर २०० मिलिग्रॅम नमुना सारखा पसर आणि ३२ अंशांना ४८ तास ठेवून ६, २४ आणि ४८ तासांनी वजन कर. नमुना नसलेल्या पात्रातून जेवढे पाणी उडाले त्यातून नमुन्याच्या पात्रातले उडालेले पाणी वजा कर, मूळ आकड्याने भाग आणि शंभराने गुण, हा अवरोधनांक. शून्य आला तर थर निरुपयोगी, शंभर आला तर वाफ पूर्ण अडली. या परीक्षेत आपल्या हवेची अडचण येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघड्या पात्रातूनही पाणी फारसे उडत नाही आणि सगळे नमुने सारखेच दिसू लागतात. म्हणून पात्रे बंद पेटीत ठेव आणि पेटीत मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण एका उथळ बशीत ठेव. ते आतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास रोखून धरते. हातावरही हेच लागू आहे. पावसाळ्यात जेल वाळायला वेळ लागतो आणि वाळल्याशिवाय पापुद्रा धरत नाही. लावल्याबरोबर मावशी पुन्हा पाण्यात हात घालणार असेल, तर सगळे कण टोपलीत जातील.

आणखी एक सूचना. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होते. दोन महिने हातांना विश्रांती मिळाली की भेगा कशानेही मिटतील आणि श्रेय तुझे जेल घेईल. जी तुलना करायची ती मे महिना संपण्याआधी कर.

कुडाळ_बचतगट

आमच्या गटातल्या बायका दरवर्षी रातांब्याची सोले (वाळवलेल्या साली) करतात आणि बियांचे भिरंडेल, म्हणजे हेच कोकमाचे तेल, काढतात. आमच्या गोळ्यांना गावात भाव मिळत नाही. हे जेल आम्हाला घरच्या मिक्सरवर करता येईल का? तेलाला धुराचा वास राहतो, तो चालेल का?

लोटेकर

ताई, मिक्सरवर नॅनोकण होत नाहीत. मिक्सरने काही मायक्रोमीटरचे थेंब पडतात. उच्च दाबाच्या यंत्रात साधारण ५०० बारच्या दाबाने मिश्रण दोन-तीन वेळा बारीक फटीतून दाबावे लागते, तेव्हा कुठे २०० नॅनोमीटर येतात. सॉनिकेटरने थोडे प्रमाण होते, पण त्याच्या टोकाचा धातू झिजून मिश्रणात उतरतो, म्हणून विक्रीच्या मालाला तो बरा नव्हे. शिवाय पाणी असलेले कोणतेही प्रसाधन विकायचे तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे उत्पादन परवाना लागतो आणि जंतूंची तपासणी करावी लागते.

तुमच्याजवळची खरी संपत्ती भिरंडेल हीच आहे. बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा स्निग्ध त्यातून निघते. धुराचा वास आणि ओल, या दोन गोष्टींमुळे खरेदीदार मागे फिरतो. बिया पावसाआधी कडक वाळवा, उकळताना धूर भांड्यावर येणार नाही अशी चूल मांडा आणि तेल पातळ असतानाच कापडातून दोनदा गाळून त्यातले पाणी पूर्ण आटवा. असे स्वच्छ तेल जेल करणाऱ्यांनाही हवेच असते. वाणाविषयी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे विचारणा करा. त्यांचे कोकण अमृता हे वाण तुमच्या भागात लावलेले आढळेल.

रातांबा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहिते आहे.

लोटेकर सरांच्या प्रमाणाने नवी बॅच केली: कोकम ३, मेण दीड, खोबरेल अर्धा टक्का, ग्लिसरीन ५ टक्के, परिरक्षक म्हणून फिनॉक्सिइथॅनॉल, आणि जेलसाठी हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज. पहिल्या वेळी मी घाई केली आणि माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी राहिल्या. दुसऱ्या वेळी रात्रभर फुगू दिले. बशीत जुने आणि नवे जेल शेजारी शेजारी ठेवून मिठाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकले. जुन्यात बोटाच्या पेराएवढा खळगा पडून पाणी साचले. नव्यात थेंब वरच राहिले आणि चमच्याने ढवळल्यावर जेल थोडे सैल झाले, पण ओघळले नाही. चुलीजवळच्या फळीवरच्या डबीत अजून रवा दिसत नाही. डीएससीसाठी नमुना पाठवला आहे.

अध्यापक सरांनी सांगितल्याप्रमाणे चंचुपात्रांची परीक्षा एकदा फसली, कारण पेटीचे झाकण नीट बसत नव्हते आणि बाहेर वळिवाचा पाऊस होता. दुसऱ्या वेळी झाकणाला मेण लावले. अपेक्षेप्रमाणे मुठेल सर्वांत पुढे राहिले, नॅनोकणांचे जेल त्याच्या बरेच मागे आणि साध्या पायसाच्या पुढे, आणि नुसते जेल जवळजवळ निरुपयोगी ठरले. एका परीक्षेवरून मी आकडे देणार नाही. अजून दोनदा करते.

मावशीला मी डॉक्टरांकडे नेले. एका बोटाला नखुरडे होते, त्यावर वेगळे औषध मिळाले आणि ते बोट आम्ही जेलपासून दूर ठेवले. आता ती जेटीवरून आली की विहिरीच्या पाण्याने हात धुते, टिपते आणि मग लावते. रात्री मुठेल लावून सुती मोजे घालते. सकाळी निघण्याआधी जेल लावून पंख्याखाली दोन्ही हात उताणे धरून बसते आणि ते वाळेपर्यंत मला कामे सांगते. मंगळवारी मी तिच्याबरोबर जेटीवर गेले होते. तिने पहिली कोळंबी उचलली, अंगठा नेहमीच्या जागी दाबला आणि कवच एका झटक्यात सुटले. कोळंबी हातातून निसटली नाही. तासाभरात जेल धुऊन गेले असणार, हे मला ठाऊक आहे. तर्जनीची भेग मिटली आहे, अंगठ्याची अजून उघडी आहे. तर्जनी मुठेलाने मिटली, मोज्यांनी की जेलने, हे सांगता येणार नाही, कारण आम्ही तिन्ही एकदम सुरू केले. १ जूनला अजून अकरा दिवस आहेत. उद्यापासून डाव्या हाताला नुसते जेल आणि उजव्याला नॅनोकणांचे, असे करायला मावशी तयार झाली आहे.